आधी सांगाडा, मग रंग

अपघात होऊन गेल्यावर गाडीचे काय करावे, ह्याचा विचार आपल्या शेतकरीवर्गात फारसा होत नाही. गाडी ओळखीच्या गॅरेजात ओढून न्यावयाची, चेपलेला पत्रा ठोकून सरळ करावयाचा, त्यावर रंगाचा हात द्यावयाचा, आणि त्याच खर्चात समोर एक जाडजूड लोखंडी गार्ड, टपावर चार जादा दिवे व आत गाणी वाजविण्याचे यंत्र बसवून ‘गाडी पहिल्यापेक्षा चांगली झाली’ असे समाधान मानावयाचे, असा प्रघात पडून गेला आहे. हा प्रघात घातक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. ते मत पुस्तके वाचून बनलेले नसून स्वतःच्या घरी भोगलेल्या अनुभवाने बनलेले आहे, म्हणून ते ह्या मासिकाच्या वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहो.

आमचा अधिकार किती, हे आरंभीच सांगणे बरे. आम्ही मराठी सातवी उत्तीर्ण होऊन तहसील कचेरीत शिपाई म्हणून लागलो आणि कारकून म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झालो. यंत्रशास्त्र आम्ही शिकलो नाही. परंतु जमिनीच्या मोजणीचे कागद, पंचनामे आणि नुकसानीचे तक्ते ह्यांत आमचे आयुष्य गेले. आणि मोडलेली गाडी पुन्हा उभी करण्याच्या कामी ह्या तिन्ही गोष्टींचा उपयोग होतो, हे आम्हांस उशिरा का होईना कळले.

आमच्या घरी पुतण्याच्या नावावर बोलेरो कॅम्पर जातीची मालवाहू गाडी आहे. परदेशात कॅम्पर म्हटले म्हणजे पाठीवर निजण्याबसण्याची खोली असलेली गाडी समजतात. आपल्याकडे मात्र पुढे दोन रांगांची, पाच माणसांची केबिन आणि मागे मालाचा उघडा हौदा, अशा गाडीस हे नाव रूढ आहे. शेतकऱ्यास ही फार सोयीची. सकाळी खताची पोती, दुपारी पंपाची मोटार, संध्याकाळी भाजीचे क्रेट, आणि लग्नसराईत घरची माणसे, असे सारे काम एकच गाडी करते. सोयीची म्हणूनच तिच्याकडून न करावयाची कामेही आपण करून घेतो, आणि तेथेच अनर्थाचे मूळ आहे.

गेल्या फेब्रुवारीत हळदीची पोती सांगलीच्या बाजारात टाकून आम्ही रात्री आठाच्या सुमारास परत येत होतो. पुतण्या गाडी हाकीत होता व त्याच्या शेजारी आम्ही पट्टा लावून बसलो होतो. मागच्या आसनावर घरची तीन माणसे होती. वाटेत शेजारच्या मळ्यातील एक वयस्क गृहस्थ हात दाखवून उभे राहिले. केबिनमध्ये जागा नाही, असे पुतण्या म्हणाला. त्यावर आम्हीच म्हणालो, “बसू दे मागे. पाच-सहा मैलांचाच तर प्रश्न आहे.” ते हौद्यात रिकाम्या पोत्यांवर बसले.

पुढे वळणापाशी उसाने भरलेली एक ट्रॉली चाक पंक्चर होऊन डाव्या कडेस उभी होती. तिचा निम्मा भाग रस्त्यावर आलेला. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, अलीकडे दगड वा फांदीही ठेवलेली नाही. समोरून येणाऱ्या एका वाहनाच्या प्रखर दिव्यांनी डोळे दिपले, आणि ते निघून जाते न जाते तोच ट्रॉली पुढ्यात आली. पुतण्याने ब्रेक दाबला, चाक वळविले; तरी गाडीची पुढची डावी बाजू ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. केबिनमधील आम्हा सर्वांस खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. हौद्यातील गृहस्थ मात्र केबिनच्या पाठीवर फेकले गेले व त्यांच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया होऊन सळई घालावी लागली. आज ते काठीच्या आधाराने चालतात.

दोष केवळ ट्रॉलीवाल्याचा होता काय? तसे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे होणार नाही. आमच्या गाडीचा डावा दिवा कित्येक आठवडे मंद झालेला होता. ‘काका, दिवा दाखवून घेऊ या’ असे पुतण्या दोनदा म्हणाला, आणि ‘पुढच्या महिन्यात पाहू’ असे आम्ही दोनदा म्हणालो. त्याच्या आधीच्या दिवाळीत समोरच्या लोखंडी गार्डला मात्र आम्ही हौसेने पैसे दिले होते. गार्डला पैसे होते आणि दिव्याला नव्हते, ही गोष्ट त्या रात्रीपासून आमच्या मनातून जात नाही.

आता मुख्य विषयाकडे वळतो. अपघातानंतर गाडीस हात लावण्यापूर्वी कागद पुरे झाले पाहिजेत. माणूस जखमी झाला असेल तर त्यास दवाखान्यात पोचविणे हे पहिले कर्तव्य. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे ते चालकावर बंधनकारकच आहे, आणि पोलिसांस व विमा कंपनीस कळविणे हेही त्याच कलमात आहे. नंतर पोलिसांचा पंचनामा, परिवहन खात्याच्या मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी आणि विम्याच्या सर्वेक्षकाची पाहणी, ही तिन्ही झाल्यावाचून एकही नटबोल्ट सोडू नये. पीकनुकसानीचा पंचनामा होण्याआधी शेत नांगरून टाकणारा मनुष्य भरपाईस मुकतो, हे वाचकांस सांगावयास नकोच. गाडीचेही तसेच आहे. शिवाय आदळलेली गाडी ‘चालू होते आहे ना’ म्हणून तशीच हाकीत घरी आणू नये. पाण्याची टाकी फुटलेली असता इंजिन फिरविले तर इंजिनही जाते, आणि अपघातानंतर गाडी तशीच हाकल्याने वाढलेले नुकसान विमा कंपनी देत नाही. बॅटरीची तार सोडवावी व गाडी ओढून न्यावी, हाच शहाणपणाचा मार्ग.

आम्ही गाडी प्रथम ज्या गॅरेजात नेली, तेथील मनुष्याने बाहेरून पाहूनच ‘पंधरा दिवसांत नवी करून देतो’ असे सांगितले. आमचे समाधान न झाल्याने आम्ही दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रीस बोलाविले. त्याने पत्र्याकडे पाहिलेसुद्धा नाही. गाडी सपाट फरशीवर उभी करवून तो खाली शिरला आणि चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, ठराविक भोकांवरून आडवा-तिरपा फीत धरू लागला. ते पाहून आमच्या ध्यानात आले की, हे तर आपल्याच खात्याचे काम! चौकोनी शेताच्या चारही बाजू बरोबर भरल्या तरी शेत चौरस आहे असे ठरत नाही. दोन्ही कर्ण मोजावे लागतात. कर्ण सारखे आले तर आकृती शुद्ध, कमीजास्त आले तर आकृती कललेली. आमच्या गाडीच्या पुढच्या भागातील कर्णांत पाऊण इंचाचा फरक निघाला. मिस्त्री म्हणाला, “भाऊसाहेब, पत्रा काय, कोणीही सरळ करील. पण चासी वाकडी राहिली तर ही गाडी जन्मभर टायर खाईल, आणि ब्रेक दाबला की एकीकडे ओढील.”

ह्या जातीच्या गाडीची घडण बैलगाडीसारखीच आहे असे समजावे. बैलगाडीचा भार जसा साट्यावर व आसावर, तसा हिचा सारा भार दोन लांब पोलादी पट्ट्या व त्यांस जोडणारे आडवे दांडे मिळून झालेल्या शिडीसारख्या सांगाड्यावर असतो. केबिन व हौदा हे त्यावर ठेवलेले असतात. म्हणून केबिन कितीही सुबक केली तरी खालची शिडी तिरकी असेल तर सर्व व्यर्थ. सांगाडा सरळ करण्याचे काम यांत्रिक बाकावर गाडी जखडून, बेताबेताने ओढून करावयाचे असते. दिव्याच्या ज्योतीने लाल होईपर्यंत तापवून व घणाने ठोकून तो सरळ करू देऊ नये. नांगराच्या फाळास लोहाराने दिलेले पाणी पुन्हा भट्टीत घातल्याने उतरते, हे आपण जाणतोच. तोच प्रकार येथे होतो, आणि दिसावयास सरळ असलेला सांगाडा आतून नरम पडतो. कोठे चीर गेली असेल तर नुसता वेल्डिंगचा टाका मारून रंग फासू नये. तो भाग बदलण्याजोगा आहे काय, हे कंपनीच्या अधिकृत कारखान्यात विचारावे.

काम झाल्यावर परीक्षा मालकानेही करावी. ओल्या मातीच्या सपाट जागेवर गाडी सरळ चालवावी आणि चाकोऱ्या पाहाव्या. मागच्या चाकांची चाकोरी पुढच्याच्या एका अंगास सरकलेली दिसली तर गाडी तिरकी चालते आहे, म्हणजे सांगाडा किंवा मागचा आस जागेवर नाही, असे निश्चित समजावे. ह्या परीक्षेस पैसा लागत नाही.

आमच्या गाडीचा सांगाडा वाकण्यास ते दिवाळीचे गार्डच बऱ्याच अंशी कारण झाले, असे मिस्त्रीने दाखवून दिले. कारखान्यातून आलेल्या गाडीचा पुढचा भाग आदळल्यावर चुरडावा व आघात काही अंशी आपल्यात जिरवावा, अशी योजना असते. आम्ही ताठ लोखंडी गार्ड थेट सांगाड्याच्या टोकांस आवळून बसविले, तेव्हा आघात चुरडण्यात न जिरता गार्डावाटे सरळ सांगाड्यात उतरला. पायी चालणाऱ्या मनुष्यास तर असे गार्ड अधिकच प्राणघातक. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांस पत्र पाठवून अशा गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास कळविले होते. परंतु आपल्याकडे ती शोभेची वस्तू म्हणून मानली जाते, आणि आम्हीही ती तशीच मानली.

सांगाड्यानंतर कशाचा क्रम लावावा? आमच्या मते चाके, ब्रेक व सुकाणू ह्यांचा. ब्रेकच्या नळ्या चेपल्या आहेत काय, चाकांच्या दिशेचे दांडे वाकले आहेत काय, हे पाहून चाकांची जुळणी यंत्रावर करवून घ्यावी. तिसरा क्रम पट्ट्यांचा. अपघातात ज्या पट्ट्याने माणसास आवरून धरले, त्याच्या विणीस ताण बसलेला असतो. तो बाहेरून धड दिसला तरी बदलावा. देशात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्रीय मंत्रालयाचा वार्षिक अहवाल सांगतो, आणि त्यांपैकी १६,७१५ माणसांनी पट्टा लावलेला नव्हता. आम्ही पट्ट्यामुळे आज हे लिहीत आहो, हे विसरता येत नाही.

चौथा क्रम दिव्यांचा. येथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हौद्यात माल भरला म्हणजे गाडीचे मागचे अंग बसते व पुढचे उचलते. त्याबरोबर दिव्यांचा झोतही वर जातो, आणि समोरच्याचे डोळे दिपतात. म्हणून नवे दिवे बसविल्यावर ते भिंतीसमोर रिकाम्या व भरलेल्या दोन्ही स्थितींत पाहून घ्यावे, आणि गाडीत झोत खालीवर करण्याची कळ असेल तर ती वापरावयास शिकावे. टपावर चार जादा दिवे लावल्याने आपणांस दूरचे दिसेल. परंतु समोरचा आंधळा होईल, आणि त्या रात्री आमची काय स्थिती झाली ते वर सांगितलेच आहे.

हे चारही क्रम पुरे झाल्यावर मग पत्रा, रंग व सुधारणा. सुधारणा नकोत असे आम्ही म्हणत नाही. शेतमाल वाहणाऱ्या गाडीस उपयुक्त सुधारणा पुष्कळ आहेत. खताची पोती ज्या हौद्यात पडतात तेथे दाणे सांडून, ओल धरून पत्रा लवकर गंजतो. तेव्हा अपघाताच्या निमित्ताने हौदा उघडा झालाच आहे तर गंज खरवडून, गंजरोधक अस्तर देऊन मग रंग द्यावा, तळास रबरी चटई घालावी आणि पाणी निघून जाण्याची भोके मोकळी ठेवावी. दोर बांधण्याचे आकडे भक्कम करावे. चमकणारा त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी व एक चांगला हातदिवा गाडीत नित्य असावा. ह्या साऱ्यास मिळून एका शोभेच्या गार्डाहून फारसे अधिक लागत नाही.

एका ‘सुधारणे’विषयी मात्र इशारा दिलाच पाहिजे. ती म्हणजे अधिक माल घेता यावा म्हणून मागच्या कमानीत जादा पाटे घालणे. आमच्याही गाडीत एक जादा पाटा होता. तो आम्ही ह्या वेळी काढून टाकला. पाटा वाढविल्याने वजन पेलल्यासारखे दिसते खरे, परंतु ब्रेक वाढत नाही, आस वाढत नाही, टायर वाढत नाही. जी गाडी सुमारे एक टन मालासाठी केली आहे, ती दीड टन घेऊन धावेल, पण थांबावयाच्या वेळी थांबणार नाही. आणि रिकामी असता ताठ कमानीमुळे मागचे अंग उड्या मारते व ओल्या रस्त्यावर चाकांची पकड सुटते. दोन बैलांच्या गाडीत चार खंडी माल भरणाऱ्यास आपण निर्दय म्हणतो. येथे बैल मुका नाही, तर यंत्र मुके आहे, इतकाच फरक.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. कंपनीने दिलेल्या मूळ घडणीशी विसंगत होईल असा, नोंदणीपुस्तकातील तपशील बदलणारा फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये मनाई आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा मालकास ठेविली आहे. हौदा वाढविणे, हौद्यावर खोली बांधणे, आसने वाढविणे हे ह्यात येते. करावयाचेच असेल तर परिवहन कार्यालयात आधी विचारावे. नाहीतर पुढे फिटनेसच्या वेळी अडचण, आणि अपघाताच्या वेळी विमा कंपनीस बोट ठेवावयास जागा.

विम्याचे नाव निघाले म्हणून चार आकडे सांगतो, कारण आपला शेतकरी विमा उतरवितो पण त्याचा कागद वाचीत नाही. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. परंतु नुसता तेवढाच असेल तर स्वतःच्या गाडीस एक पैसा मिळत नाही. स्वतःच्या गाडीचा विमा असला तरी भागांच्या वयाप्रमाणे घट कापली जाते. रबर, प्लॅस्टिक, टायर व बॅटरी ह्यांवर ५० टक्के. काचेवर काही नाही. आणि धातूच्या भागांवर गाडीचे वय पाच वर्षांहून अधिक व दहांपर्यंत असेल तर ४० टक्के. उदाहरणार्थ, सहा वर्षांच्या गाडीचे धातूचे भाग १,००,००० रुपयांचे व प्लॅस्टिकचे २०,००० रुपयांचे लागले, तर कंपनी अनुक्रमे ६०,००० व १०,००० धरील. उरलेले ५०,००० मालकाचे. हे आधी ठाऊक असेल तर बिल हाती आल्यावर कपाळावर हात मारण्याची पाळी येत नाही. दुरुस्तीचा एकूण खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर जात असेल तर गाडी संपूर्ण गेली असे धरतात. त्या वेळी भावनेच्या भरात ती दुरुस्त करीत बसण्यापेक्षा रक्कम घेऊन मोकळे व्हावे. बदललेले जुने भाग डोळ्यांनी पाहून घ्यावे व प्रत्येक कामाची पावती घ्यावी.

परवान्याविषयी एक शंका वारंवार विचारली जाते. हलक्या मोटारीचा परवाना असलेल्यास ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालविता येते, त्यास वेगळी नोंद लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. तेव्हा ह्या मुद्द्यावर कोणी आपला दावा नाकारीत असेल तर स्वस्थ बसू नये.

परंतु एका बाबतीत विमा कधीही उपयोगी पडत नाही, आणि तीच बाब आमच्या जिव्हारी लागली आहे. मालाच्या गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी बसलेला असेल तर त्यास कायद्याचे संरक्षण आहे. फुकट बसलेल्या उतारूस ते नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तर कलम १४७ मध्ये तसे स्पष्ट शब्दांत घातले आहे. म्हणजे आपण माणुसकीने ज्यास हौद्यात घेतो, त्याच्या हाडांची किंमत आपल्या विम्याच्या कागदात शून्य आहे. त्या गृहस्थांच्या दवाखान्याचा खर्च आम्ही दिला. तो देणे आमचे कर्तव्यच होते. त्यांच्या घरी आम्ही गेलो तेव्हा ते उलट आमचेच सांत्वन करीत म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्ही कशाला कष्टी होता? वाट चुकावी म्हणून मीच हात दाखविला.” त्यांनी तक्रार केली नाही, हा त्यांचा मोठेपणा झाला. परंतु त्या वर्षी त्यांच्या मळ्यातील काढणी दुसऱ्यांनी केली, आणि ज्या पायाने ते पाटाचे पाणी फिरवीत तो पाय आता वाकत नाही. ह्याची दुरुस्ती कोणत्याही गॅरेजात होत नाही.

कोणी म्हणेल, खेड्यात एस.टी. वेळेवर मिळत नाही, रात्री वाटेत उभ्या असलेल्या माणसास नाही म्हणणे हे आपल्या रीतीस धरून नाही. हे म्हणणे खोटे नाही. परंतु केबिनमध्ये जागा असेल तर द्यावी, नसेल तर आपल्यांपैकी एका तरुणास उतरवून वृद्धास आत घ्यावे, किंवा त्यास उजेडाच्या जागी थांबवून दुसरी फेरी करावी. पण हौद्यात माणूस बसवू नये. मजूर स्त्रिया तर आपल्याकडे दररोज हौद्यातून शेतावर जातात. त्यांच्यासाठी वाहनाची वेगळी सोय करणे खर्चाचे आहे हे मान्य आहे. परंतु खर्च कोणावर पडतो एवढाच प्रश्न आहे: आज थोडा आपणांवर, की उद्या सगळा त्यांच्यावर?

दुसरा आक्षेप असा की, गरीब शेतकऱ्यास इतकी काटेकोर दुरुस्ती परवडत नाही. आमचे उत्तर असे की, आम्ही खर्च वाढवावयास सांगत नसून खर्चाचा क्रम बदलावयास सांगत आहो. सांगाडा, ब्रेक, पट्टा, दिवा ह्यांवर आधी खर्च करा. उरले तर रंग द्या. बिनरंगाची गाडी बाजारात जाते व सुखरूप परत येते. आमची गाडी आज तशीच आहे. डाव्या दरवाजावर अजून अस्तराचाच तांबूस रंग आहे, आणि लोक विचारतात, तेव्हा आम्ही त्यांस हीच हकीकत सांगतो.

शेवटी आपल्या मंडळास एक सूचना. ट्रॉलीवाल्यास दोष देऊन काय उपयोग? तोही आपल्यासारखाच शेतकरी किंवा शेतकऱ्याचाच मुलगा. त्यासही कारखान्यावर नंबर लावण्याची घाई. केंद्रीय मोटार वाहन नियमांत परावर्तक लावणे सांगितले आहे: मागे तांबडे, बाजूस पिवळे, पुढे पांढरे. परंतु नियम पुस्तकात राहतो आणि ट्रॉली रस्त्यावर. म्हणून गळिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, दसरा-दिवाळीच्या सुमारास, मंडळाच्या प्रत्येक गावी एक दिवस नेमावा; त्या दिवशी गावातील सर्व ट्रॉल्या, बैलगाड्या व मालवाहू गाड्या चावडीसमोर आणाव्या आणि सर्वांस चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्या. ऊस भरला म्हणजे वाढे मागे लोंबून पट्टी झाकली जाते; याकरिता पट्टी शिवलेले एक जाड कापड मोळीच्या बाहेरून बांधण्याची रीत घालावी. वाटेत चाक पंक्चर झाल्यास ट्रॉलीच्या मागे दूर अंतरावर त्रिकोण ठेवल्याशिवाय कोणी जागा सोडू नये, असा गावकीचा दंडक करावा. ट्रॉलीमागे ह्यास जो खर्च येईल तो एका फवारणीच्या औषधाहून अधिक नाही.

दसऱ्यास आपण गाडीस झेंडूचे हार घालतो, तिच्या चाकाखाली लिंबू ठेवतो. ते अवश्य करावे. परंतु त्याच दिवशी तिचे दिवे लावून पाहावे, पट्टे ओढून पाहावे, ब्रेक दाबून पाहावा. आम्ही तसे केले असते तर एका सज्जनाचा पाय वाचला असता. वाचकांनी आमच्या चुकीवरून शहाणे व्हावे, एवढ्याचसाठी हे लिहिले आहे.